बाबांनी जपलेला दगड अशनी आहे का?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारे गृहस्थ ३९ वर्षांचे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावात त्यांचे किराणा दुकान आहे. बारावीनंतर शिक्षण सुटले, आकाश बघायची ओढ मात्र सुटली नाही. गेल्या वर्षी वडील वारले. वडिलांना पस्तीसेक वर्षांपूर्वी शेतात पावणेतीन किलोंचा एक काळा दगड सापडला होता. तो त्यांनी देवघराशेजारच्या कोनाड्यात जपून ठेवला. ‘रात्री आभाळातून जाळ उतरला, आपल्या बांधामागेच पडला. सकाळी जाऊन बघतो तर हा दगड,’ असे ते सांगत. दगडाला लोहचुंबक चिकटते. अंगावर बारीक छिद्रे आहेत, काहींत पांढरे दाणे आहेत. लोणार जवळच असल्याने गावात कुणालाच शंका नाही. फोटो पाहून एकाने ‘नक्की उल्का’ सांगितले, दुसऱ्याने ‘साधा दगड’. तिसऱ्याने फोनवर सांगितले की चाळीस लाखांचे गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी ‘टेस्टिंग’चे पंचवीस हजार भरा. सहावीतल्या मुलीला हा दगड शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात न्यायचा आहे. त्यांना स्वतःला अशनी ओळखायला आणि त्यांचे प्रकार पाडायला शिकायचे आहे. ते विचारतात, ‘घरी कोणत्या चाचण्या करू? दगड कापू का? आणि साधाच निघाला तर आईला काय सांगू?’

नमस्कार,

बाकी सगळे नंतर, आधी ते पंचवीस हजार भरू नका. तांदूळ ओढणारे भांडे म्हणून ‘राईस पुलर’च्या नावाने आपल्याकडे लोकांना लुबाडले गेले, त्याच वाटेवरचा हा फोन आहे. मोठ्या रकमेची आशा दाखवायची आणि तपासणीच्या नावाखाली छोटी रक्कम आधी काढून घ्यायची. ज्याला खरोखर दगड हवा असतो तो तुमच्याकडून पैसे मागत नाही. तो नंबर ब्लॉक करा, आणि गावात आणखी कुणाला असा फोन आला असेल तर त्यालाही सांगा.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. बाबांचा दगड काय आहे, हा एक प्रश्न. अशनी ओळखायला शिकायचे कसे, हा दुसरा. तुम्ही दुसरा प्रश्न पहिल्याच्या पोटात घातला आहे. शिकायचे आहे ते हा दगड अशनी ठरावा म्हणून, असे पत्र वाचताना दोनतीनदा वाटले. त्यात गैर काही नाही. वडील गेल्याला वर्षच झाले आहे, आणि त्यांनी हाताने उचलून आणलेली वस्तू समोर आहे. पण शिकायला बसताना उत्तर आधी ठरलेले असले की डोळे तेवढेच बघतात. मी भूशास्त्र शिकवत असताना लोक पिशवीतून, कापडात गुंडाळून, एकदा तर पाळण्यातल्या दुपट्यात बांधून दगड घेऊन यायचे. इतक्या वर्षांत एकही अशनी निघाला नाही. त्यांच्यातले जे दगडापेक्षा शिकण्यात रमले, ते आजही मला नवे दगड दाखवायला येतात.

शब्द एकदा सारखे करून घेऊ. आकाशात दिसते ती उजेडाची रेघ म्हणजे उल्का. त्यातून वाचून जमिनीवर पोचतो तो दगड किंवा धातूचा तुकडा म्हणजे अशनी. तुमच्या बाबांनी उल्का पाहिली असेल, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्यांना सापडलेला दगड त्याच उल्केतून आला होता का, हे वेगळे.

जाळ बांधामागे पडला, हे वाक्य मी अनेक गावांत ऐकले आहे. असा दगड वातावरणात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला निदान अकरा किलोमीटर असतो. त्याचा बाहेरचा थर वितळतो आणि उडून जातो. पण हवेच्या रेट्याने वेग इतक्या झपाट्याने मंदावतो की साधारण वीसेक किलोमीटर उंचीवरच उजेड विझतो. तिथून पुढे काही मिनिटे तो दगड काळोखात, साध्या दगडासारखा खाली येतो. वितळलेला थर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो आणि आतला दगड अवकाशातून थंड आलेला असतो. म्हणून जमिनीवर पडलेला ताजा अशनी हाताला फार तर कोमट लागतो. तो गवत पेटवत नाही, कडबा जाळत नाही. ‘बांधामागे’ हा डोळ्यांचा भास आहे. इतका लांबचा उजेड क्षितिजाखाली गेला की प्रत्येकाला तो आपल्याच शिवाराच्या पलीकडे उतरल्यासारखा दिसतो. शेजारच्या तालुक्यातल्या माणसानेही त्या रात्री आपल्या बांधाकडेच बोट दाखवले असेल.

२०२२ च्या गुढीपाडव्याची, २ एप्रिलची, संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. विदर्भात कितीतरी लोकांनी आकाशातून सावकाश सरकत जाणारे जळते तुकडे पाहिले, व्हिडिओ काढले. ‘उल्का पडली’ म्हणून सगळीकडे बोलबाला झाला. दुसरीकडे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचे सुमारे तीन मीटर व्यासाचे कडे पडलेले सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. उजेड खरा होता, पाहणारे खरे बोलत होते, फक्त तो उजेड कशाचा हे डोळ्यांना कळण्यासारखे नव्हते. तुमच्या बाबांचेही असेच झाले असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते. रात्री उजेड पाहिला, सकाळी मुद्दाम शोधायला गेले, आणि रोज पायाखालून जाणाऱ्या दगडांतला एक त्या दिवशी प्रथमच नजरेत भरला. यात ते खोटे ठरत नाहीत.

लोणारबद्दलही तुमचा समज जरा हलवावा लागेल. लोणार अशनीपातानेच झाले, आणि बेसॉल्टसारख्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात झालेले इतके नीट टिकलेले विवर जगात दुर्मीळ आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. वय आधी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजमापाने ते पाच लाख सत्तर हजार वर्षांच्या आसपास गेले. पण एवढा मोठा धोंडा आदळतो तेव्हा त्याची ऊर्जा त्यालाच वितळवून, वाफ करून टाकते. लोणारला येऊन पडलेल्या मूळ अशनीचा हातात घेण्याजोगा तुकडा आजवर मिळालेला नाही. तिथे सापडते ते आघाताने वितळलेल्या आपल्याच काळ्या पाषाणाचे: काच, इवलाले गोल थेंब, बदललेली खनिजे. म्हणून ‘लोणार जवळ आहे’ हा तुमच्या दगडाच्या बाजूचा पुरावा होत नाही. विवरात किंवा काठावर दगड वेचायला मात्र जाऊ नका. ते अभयारण्य आहे आणि राष्ट्रीय भूवारसा स्थळही.

आता दगड हातात घेऊ.

लोहचुंबकाचा फार बोलबाला आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करते. बहुतेक अशनींमध्ये लोह-निकेलचा धातू असतो, म्हणून त्यांना चुंबक चिकटते हे बरोबर. पण उलट बाजूने ते चालत नाही. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतात, आणि काही दगडांवर होकायंत्राची सुईसुद्धा हलते. तुमच्या शिवारातले वीस काळे दगड उचला, दोऱ्याला टांगलेले चुंबक त्यांच्याजवळ न्या, बरेचसे ओढतील. दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. आजकाल मिळणारी ताकदवान चुंबके अशनीला लावली की त्यात कोट्यवधी वर्षे जपून राहिलेली मूळ चुंबकत्वाची नोंद पुसली जाते. संशोधकांना त्या नोंदीतून ग्रहांच्या जन्मकाळाची माहिती मिळते. म्हणून संशय पक्का असेल तेव्हा चुंबक लांब ठेवायचे, आणि वापरलेच तर फ्रिजवर लावायचे कमजोर चुंबक दोऱ्याला टांगून नुसते जवळ न्यायचे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी ओळ चुंबकाची नाही, छिद्रांची आहे. तप्त लाव्हा वर आला की त्यातला वायू फुगे होऊन बाहेर पडू पाहतो आणि दगड थिजला की फुग्यांच्या जागा राहतात. पुढे लाखो वर्षे पाणी झिरपत राहते आणि त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे जमतात. बहुतेक वेळा ती झिओलाइट गटातली, कधी कॅल्साइट, कधी गारगोटी. आपल्या राज्यातल्या खाणींमधून निघालेले स्टिलबाइट आणि अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत. अशनीत असे फुगे जवळजवळ कधीच नसतात, आणि पाणी झिरपून त्यांत जमलेले पांढरे दाणे तर नसतातच. ताज्या अशनीच्या पाठीवर अंगठ्याने मातीचा गोळा दाबावा तसे उथळ खळगे असू शकतात, पण ते बाहेरचे. आत खोल जाणारे छिद्र वेगळे. दगड समोर नसताना निकाल देणे मला बरे वाटत नाही, तरी तुमच्या वर्णनावरून हा बेसॉल्ट वाटतो, हे लपवून ठेवणे त्याहून वाईट.

मी म्हणते म्हणून मानू नका. तुमच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे, म्हणजे निम्मी प्रयोगशाळा तुमच्याकडे आहे. दगड कोरडा असताना वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेवा, दगड पूर्ण बुडेल एवढे पाणी असू द्या, आणि काटा शून्यावर आणा. दगडाला मजबूत दोरा बांधून तो पाण्यात सोडा. दगड पूर्ण बुडाला पाहिजे, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. दोरा तुमच्या हातात, नाहीतर वरच्या आडव्या काठीला. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घनसेंटिमीटर दगडाचे आकारमान. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. समजा दगड २७५० ग्रॅम भरला आणि काटा ९६५ दाखवतो, तर घनता आली २.८५. टणक बेसॉल्ट साधारण २.८ ते ३ च्या घरात येतो, छिद्रे असली की त्याहून खाली. सर्वांत जास्त पडणारे दगडी अशनी सुमारे ३.३ ते ३.७, लोखंडी अशनी ७ च्या पुढे. पण हेमेटाइट आणि मॅग्नेटाइट ही लोहखनिजे ५ च्या वर जातात, म्हणून नुसत्या जड आकड्याने हुरळायचे नाही. त्यांच्यासाठी फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासून पाहतात. लालसर तपकिरी रेघ उठली तर हेमेटाइट, काळी उठली तर मॅग्नेटाइट. अशनीची सहसा रेघ उमटत नाही, फरशीलाच ओरखडा पडतो.

मोजून झाल्यावर भिंगाखाली कड पाहा. ताज्या अशनीला अंड्याच्या कवचासारखे पातळ काळे आवरण असते आणि जिथे ते टवकले असेल तिथे आतला दगड फिकट, करडा दिसतो. बेसॉल्ट बाहेरून आत काळाच असतो, किंवा बाहेरून हवापाण्याने तांबूस आणि आत काळा. आतमध्ये चमकणारे धातूचे कण आहेत का, बाजरीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान गोल गुठळ्या आहेत का, हे शोधायचे. सोनाराकडे सोन्याची शुद्धता पाहण्याचे मशीन असते, त्यावर दगड ठेवून ‘निकेल सापडले’ असा कागद लोक घेऊन येतात. ते मशीन दागिन्यांसाठी लावलेले असते, दगडावर त्याचा आकडा भरवशाचा नसतो. त्या कागदाने खूप मने मोडली आहेत.

कापू का, असे तुम्ही विचारलेत. नको. घनता ३ च्या खाली आली तर कापून नवे काही कळणार नाही, आणि ती ३.३ च्या वर गेली तर तो दगड घरच्या कटरखाली जाण्याच्या लायकीचा राहणार नाही. नायट्रिक आम्ल वापरून लोखंडी अशनीवरची नक्षी उठवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते काम प्रयोगशाळेचे आहे, घरात मूल असताना तर विचारसुद्धा करू नका.

आता शिकण्याबद्दल, कारण माझ्या दृष्टीने पत्राचा खरा जीव तिथे आहे. अशनी ओळखायला शिकण्याची वाट अशनीपासून सुरू होत नाही, ती तुमच्या शिवारातून सुरू होते. परका ओळखायचा तर आधी घरचे सगळे चेहरे पाठ हवेत. एक दहापटीचे भिंग घ्या. नदीच्या पात्रातून टणक काळा पाषाण आणा, विहिरीच्या मलब्यातून छिद्रांचा आणा, एखादी गारगोटी, मुरमात सापडणारी लोखंडी गोटी, कोकणात कुणी गेले तर जांभ्याचा तुकडा मागवा. वीटभट्टीवरचा वितळून काचेसारखा झालेला डिखळा घ्या. लोहाराकडून लोखंडाची कीट, म्हणजे भट्टीत उरणारा वितळलेला मळ, मागून घ्या. या कीटेने अनुभवी माणसेही फसली आहेत: काळी, जड, चुंबकाला चिकटणारी, वरून वितळल्यासारखी. तुमच्याकडे लोखंडाची भट्टी बंद पडून दोन हजार वर्षे झाली असली तरी कीट शेतात निघू शकते. नागपूरजवळ नायकुंडला उत्खननात महापाषाण काळातली लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. प्रत्येक दगडाला नंबर द्या, वहीत जागा, तारीख, वजन, घनता, रेघ, चुंबक, आतले रूप लिहा. असे चाळीस दगड झाले की तुमच्या हाताला वजनाचा अंदाज येईल आणि फोटोवरून ‘नक्की उल्का’ म्हणणाऱ्यांना काय दिसले नव्हते तेही कळेल.

मग खरे अशनी बघा. कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये भूशास्त्राच्या दालनात ते आहेत. देशात पडलेल्या अशनींचा राष्ट्रीय संग्रह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, कोलकात्यालाच आहे. एवढ्या लांब लगेच जाणे होणार नसेल तर सहारा भागात सापडलेल्या साध्या अशनीची कापलेली छोटी चकती विकत मिळते. घ्यायची तर नाव आणि क्रमांक असलेलीच घ्या, आणि तो क्रमांक मीटिओरिटिकल सोसायटीच्या इंटरनेटवरच्या मोफत नोंदवहीत आहे का ते आधी पाहा. जगात मान्यता मिळालेल्या प्रत्येक अशनीची नोंद तिथे असते. तुकडा कितीही सुंदर असला तरी नोंद नसेल तर शिकण्यासाठी तो निरुपयोगी.

वर्गीकरणाचा तुमचा समज मला इथेच थोडा दुरुस्त करायचा आहे. तुम्ही लिहिले आहे की दगड बघून तो दगडी, लोखंडी की मिश्र हे ठरवायला शिकायचे आहे. एवढे तर महिन्याभरात जमेल. पण खरे वर्गीकरण बाहेरून होत नाही. दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करतात, त्यातून प्रकाश आरपार जातो, सूक्ष्मदर्शकाखाली त्याची घडण वाचतात आणि ऑलिव्हिन, पायरॉक्सिन या खनिजांतले लोहाचे प्रमाण इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने मोजतात. हे घरी होणार नाही, पण या निकालाचे नाव वाचायला मात्र तुम्ही घरी शिकू शकता, आणि ते शिकणे फार रसाळ आहे.

आपल्याच भागातले उदाहरण घ्या. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला भर दिवसा अशनी पडले. काटोल अशनीचा वर्ग आहे एल ६. यातला ‘एल’ म्हणजे एकूण लोह कमी असलेला गट. जास्त लोहाचा ‘एच’, आणि लोह व धातू दोन्ही अगदी कमी असलेला ‘एलएल’. पुढचा आकडा त्या दगडाचे पूर्वायुष्य सांगतो. या अशनींत कॉन्ड्रूल नावाच्या गोल गुठळ्या असतात. सूर्यमाला घडत असताना, साधारण ४५६ कोटी वर्षांपूर्वी, धुळीचे थेंब वितळून गोठले त्या या गुठळ्या. ज्या लघुग्रहाचा तो दगड भाग होता, तो आतून तापला आणि जितका जास्त तापला तितक्या गुठळ्या आजूबाजूच्या दगडात विरघळत गेल्या. ३ आकड्यात त्या ठसठशीत दिसतात, ६ मध्ये पुसट होतात. १ आणि २ ही उलट्या दिशेची कथा आहे, तिथे उष्णतेने नव्हे तर पाण्याने बदल घडवला. १९७६ साली गुजरातेत धाजाळा इथे पडलेला अशनी एच ३.८ आहे, म्हणजे लोह जास्त, गुठळ्या अजून ओळखू येणाऱ्या. जयपूरजवळ मुकुंदपुरा इथे ६ जून २०१७ रोजी पडलेला सीएम २ आहे, म्हणजे कार्बनयुक्त, ज्याच्या मूळ लघुग्रहात पाणी खेळले होते. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये गुजरातेत दियोदरला पडलेला ऑब्राइट आहे. त्यात गुठळ्या नाहीत, खनिजांत लोह जवळजवळ नाही. तुमच्या चुंबकाने त्याची परीक्षा घेतली असती तर तो नापास झाला असता. म्हणून मी म्हणते की चुंबक ना हो म्हणायला पुरेसे, ना नाही म्हणायला.

एक धागा तर तुमच्या दारातूनच जातो. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमध्ये शेरघाटीजवळ एक दगड पडला, सुमारे पाच किलोंचा. जग त्याला शेरगॉटी म्हणून ओळखते, आणि तशाच दगडांच्या अख्ख्या गटाला शेरगॉटाइट नाव मिळाले. हा मंगळावरचा लाव्हा आहे. तो बेसॉल्टच आहे, आपल्या काळ्या पाषाणाचा मंगळावरचा भाऊ! त्यात आघाताने फेल्डस्पार खनिजाची काच झालेली आढळली, तिला मास्केलिनाइट म्हणतात. हीच मास्केलिनाइट लोणारच्या बेसॉल्टमध्ये आहे. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक तुमच्या जिल्ह्यात येतात. अशनी तुमच्या कोनाड्यात नसला तरी अशनी समजून घेण्यासाठी जगातल्या थोड्या चांगल्या जागांपैकी एक तुमच्या घरापासून एसटीच्या अंतरावर आहे. तिथे पाहायला जा, मुलीला घेऊन जा, फक्त काही उचलू नका.

शोधायला निघाल्यावर निराशा पदरी येऊ नये म्हणून हेही सांगते. जगात नोंदलेले बहुतेक अशनी अंटार्क्टिकाच्या बर्फावर आणि कोरड्या वाळवंटांत मिळाले आहेत. १९६९ साली जपानी संशोधकांना अंटार्क्टिकात यामातो पर्वताजवळ नऊ अशनी एकत्र मिळाले आणि ते एकाच जातीचे नाहीत हे लक्षात आले, तेव्हापासून तिथला शोध सुरू झाला. पांढऱ्यावर काळे दिसते. आपल्याकडे काळ्या रानात काळा दगड शोधायचा, वर चार महिने पाऊस, त्यात अशनीतले लोखंड गंजून दगड भुसभुशीत होतो. म्हणून महाराष्ट्रात अशनी मिळतात ते बहुधा पडताना पाहिलेले किंवा ऐकलेले. तुमच्या भागात कधी दणका ऐकू आला आणि नवा दगड मिळाला, तर तो धुऊ नका, त्याला चुंबक लावू नका, हळदकुंकू वाहू नका. जिथे आहे तिथेच, बाजूला मोजपट्टी किंवा नाणे ठेवून फोटो घ्या, मोबाइलवर जागेची नोंद घ्या, स्वच्छ कोरड्या पिशवीत ठेवा, आणि तहसील कार्यालयाला व भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर किंवा पुणे कार्यालयाला कळवा. विकायचा विचार करू नका. पहिल्या काही दिवसांतच मोजता येतील अशा गोष्टी त्यात असतात आणि त्या आपल्या हातून निसटतात. बाबांच्या दगडाबद्दल घनतेचा आकडा ३.३ च्या वर आला, तर त्याच कार्यालयाला फोटो आणि मोजमापे पाठवा.

राहिल्या आई. त्यांना ‘दगड साधा निघाला’ असे सांगू नका, कारण ते खरेही नाही. तो बेसॉल्ट असेल तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून आलेला लाव्हा आहे. बाबांनी तो चाळीस लाखांसाठी ठेवला नव्हता. त्यांनी त्या रात्री काहीतरी पाहिले आणि त्याची आठवण म्हणून तो ठेवला. उजेड पाहिल्याची गोष्ट खरी आणि दगड आपल्याच रानातला, एवढेच सांगा. कोनाडा आहे तसाच राहू दे. आईंना हे आत्ता ऐकायचे नसेल तर सहा महिन्यांनी सांगा, दगड कुठे जात नाही.

मुलीने तो प्रदर्शनात जरूर न्यावा, फक्त पाटीवर ‘अशनी’ लिहू नये. ‘हा दगड आकाशातून आला का? आम्ही असे तपासले’ असे लिहावे. बाजूला लोहाराची कीट, नदीतला पाषाण, जमल्यास तुमची सहाराची चकती ठेवा. पाण्याचे भांडे आणि दुकानातला काटा टेबलावर मांडा आणि येणाऱ्या मुलांना स्वतः भागाकार करू द्या. घरी आधी दोनदा करून बघा. दोरा सुती घेऊ नका, तो पाणी शोषतो आणि आकडा चुकवतो. मासे धरायची नायलॉनची दोरी चांगली. दगड पाण्यात सोडल्यावर अंगाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने झटकून टाका, छिद्रांच्या दगडात ते फार अडकतात. तीन वेळा मोजून तिन्ही आकडे मुलीच्या वहीत तिच्याच अक्षरात लिहायला सांगा, आणि मला कळवा.